ओढून आणणारा रणगाडा

जर्मनीत र्युसेल्सहाइमला नोकरीला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी रणगाड्यांच्या नादाला लागलो. लोकांना याचं आश्चर्य वाटायचं. फ्रँकफर्टच्या आसपास राहणारी आमची मराठी मंडळी महिन्या-दीड महिन्याने एकत्र बुद्धवंदनेला जमायची. तिथे एका मित्राने जेवताना विचारलं, "पंचशील म्हणतोस आणि शनिवार-रविवार रणगाडे शोधत फिरतोस? पहिलंच शील काय आहे रे?"

मी म्हणालो, "माझा रणगाडा गोळी झाडत नाही. चिखलात अडकलेल्याला ओढून आणतो."

"म्हणजे क्रेन."

"म्हणजे क्रेनच. फक्त पट्ट्यांवर चालणारी."

तो हसला, पण मी खरंच सांगत होतो. आमच्या तालुक्याच्या बस डेपोत माझे वडील हेल्पर होते. घाटात गाडी बंद पडली की डेपोतून ब्रेकडाउन व्हॅन निघायची आणि वडील मागच्या पत्र्याच्या टपात साखळ्यांवर बसून जायचे. मला नव्या कोऱ्या बसचं कधी फार कौतुक वाटलं नाही. त्या व्हॅनचं वाटायचं. शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, घरातला पहिला पदवीधर झालो आणि पुढे मोटारींच्या कारखान्यात डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचलो, पण ती आवड तशीच राहिली. ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यात त्या व्हॅनलाही मी धरतो.

जर्मनीत चार माणसं एका छंदाची निघाली की ती फेराइन काढतात, म्हणजे रीतसर मंडळ. अध्यक्ष, खजिनदार, बैठकीचं इतिवृत्त, सगळं असतं. आमच्या भागातल्या अशाच एका फेराइनमध्ये जुन्या लष्करी वाहनांची छोटी मॉडेल्स बनवणारे लोक होते. मी पाहुणा म्हणून गेलो आणि तिथे मला माइस्टर भेटले. कारखान्यात अवजारं आणि साचे बनवण्याच्या विभागातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. सगळे त्यांना माइस्टरच, म्हणजे उस्तादच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला 'हेर इंजिनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा असे.

बाकीच्यांना नावाजलेले रणगाडे आवडत. माइस्टरांना मात्र कोणी ऐकलेलंही नसेल असं काही हवं असे. साम्यवादी काळातला पोलंड ही त्यांची खाण होती. युद्धानंतर पोलंडने रशियन नमुन्यावरून रणगाडे बांधले. ते जुने झाल्यावर टाकून न देता त्यांच्या सांगाड्यांवर आपल्या डोक्याने वेगळीच वाहनं उभी केली. बंद पडलेले रणगाडे ओढून आणणारं वाहन त्यातलंच एक. त्याचा नेहमीचा प्रकार पुस्तकांत सापडतो. माइस्टर मात्र ज्याच्या मागे होते तो प्रकार कुठल्यातरी लष्करी वर्कशॉपने थोड्याच संख्येने बनवला असावा. मागच्या बाजूला एका कडेला छोटी क्रेन, दुसऱ्या कडेला लांबलचक पेटी. सगळ्या फेराइनकडे त्याचा एकच फोटो होता, तोही मागून काढलेला. कुणी कुणाकडून घेतलेल्या प्रतीची ती प्रत होती.

त्या एका फोटोवरून माइस्टर दोन हिवाळे आपल्या तळघरात मॉडेल बनवत होते. पितळी पत्रा कापून, डाख देऊन झाळून, तळहातावर मावेल एवढं. घाईचं कारण त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यांचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याच्याही मधोमध डाग पडायला लागला होता. डॉक्टरांनी आशा दाखवली नव्हती. शरद ऋतूत फेराइनचं प्रदर्शन असायचं. "हे शेवटचं मॉडेल," ते म्हणाले. "ते चुकीचं असून चालणार नाही. नंतर दुरुस्त करायला मी असेन, पण माझा डोळा नसेल."

क्रेनचा पाया नीट दिसावा म्हणून त्यांनी तो फोटो मला दिला. मी तो घरी स्कॅन केला आणि एका रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर मोठा करून पाहत बसलो. फोटोत वाहनामागे गवतावर पाच सैनिक जेवायला बसले होते. मांडीवर डबे, हातात चमचे. मला क्रेनच्या पायाशी काम होतं, पण नजर पुन्हा पुन्हा त्या माणसांकडे जात होती. काहीतरी खटकत होतं.

मी जन्माने डावरा. पहिलीत गुरुजींनी माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली, आणि घरी आईने ताटावर तेच केलं. त्या दोघांनाही माझं भलंच व्हावं असं वाटत होतं. पण त्याने मला एक खोड लागली. माणूस जेवताना दिसला की तो कोणत्या हाताने जेवतो हे मला त्याच्या चेहऱ्याआधी दिसतं.

मी बायकोला हाक मारली. ती फ्रँकफर्टला एका प्रयोगशाळेत काम करायची. माझ्या रणगाड्यांना ती 'तुझी भंगारगाडी' म्हणायची.

"हे बघ. कसे जेवतायत?"

"भुकेले दिसतायत."

"हात बघ."

ती वाकली. "डावरे आहेत."

"पाचही?"

तिने बोट ठेवून एकेकाकडे पाहिलं. मग सरळ उभी राहिली. "अरे, फोटो उलटा छापलाय."

मी बटण दाबून चित्र आरशासारखं फिरवलं. पाचही चमचे उजव्या हातात गेले. घड्याळं डाव्या मनगटांवर आली. मला बसवेना. या रणगाड्याचं मागचं अंग जवळजवळ दोन्हीकडे सारखं असतं, मधे गोल झाकण आणि दोन बाजूंना धुराच्या नळ्या. म्हणून इतक्या वर्षांत कुणालाच शंका आली नव्हती. पुढची बाजू दिसली असती तर चालकाच्या झडपेवरून एका क्षणात कळलं असतं, कारण ती नेहमी डावीकडे असते. मी खोलीत फेऱ्या मारत होतो, आणि एका फेरीत मला माइस्टरांचं तळघर आठवलं. त्यांच्या मॉडेलवर क्रेन उजवीकडे होती. झाळून पक्की केलेली.

"त्यांना कसं सांगू?" मी म्हणालो. "दोन वर्षांचं काम आहे गं. न सांगताही चालेल. कोणाला कळणार आहे?"

"तुला कळलं ना," ती म्हणाली. "सांग. त्यांना डोळा आहे तोवर सांग."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी थेट तळघरात गेलो. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि चमच्यांचं सांगितलं. माइस्टर भिंग लावून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"डावखुरे सगळ्याच पलटणींत असतात," ते म्हणाले.

"पाचही?"

"साम्यवादी होते, हेर इंजिनिअर. सगळे डावेच."

मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं. मॉडेल हातात घेऊन अंगठ्याने ती छोटी क्रेन चाचपली. "आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'असं तर', आणि मॉडेल टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "फोटोवर मी एकदा विश्वास ठेवला. आता चमच्यांवर ठेवणार नाही. मला खरं लोखंड दाखवा. मग मी कापतो."

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते आठवलं की अजून मजा वाटते. तेव्हा इंटरनेटवर अशा छंदांचे फोरम नुकतेच बहरले होते. पोलिश मला येत नव्हती. मी एक छोटा शब्दकोश आणला आणि वाहनांच्या भागांची नावं पाठ केली, शाळेत इंग्रजी स्पेलिंगं पाठ करायचो तशीच, घोकून. बायको भाजी चिरताना माझी परीक्षा घ्यायची. "'साखळी'ला काय?" मी सांगायचो. "उच्चार बरोबर आहे की नाही देव जाणे," ती म्हणायची, "पण आवाज तर साखळीसारखाच येतोय."

शेवटी तो सापडला तो पोलंडमध्ये नाही, जर्मनीतच. पोलिश सीमेजवळ एक माणूस जुनी लष्करी वाहनं जमवून विकायचा. त्याच्या पानावर गवतात बुडालेला, बुरूज नसलेला एक सांगाडा होता. खाली लिहिलं होतं, 'रशियन ट्रॅक्टर, अपूर्ण'. क्रेन नाही, पेटी नाही, काहीच नाही. पण पुढच्या पत्र्याच्या केबिनचं छप्पर मागे उतरत होतं आणि त्यावर वेल्डिंगची एक तिरकी पट्टी होती. आमच्या फोटोत छपराचा जेवढा कोपरा दिसत होता त्यावर तीच पट्टी, फक्त तिरपी उलट्या बाजूला. मी त्या माणसाला फोन केला. त्याने सांगितलं की पोलंडच्या बाजूने भंगाराबरोबर आला होता, घ्यायचा तर लवकर सांगा.

"घ्यायचा नाही," मी म्हणालो. "हात लावायचाय."

तो म्हणाला, "हात लावायला पैसे पडत नाहीत."

आम्ही शनिवारी निघालो. मी गाडी चालवत होतो आणि माइस्टर शेजारी, मांडीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात मॉडेल घेऊन. मी एकशेवीसच्या वर गेलो की ते खोक्याला दोन्ही हातांनी धरत. मधे थांबून बायकोने दिलेल्या मेथीचे धपाटे खाल्ले. माइस्टरांनी मुद्दाम डाव्या हाताने घास उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दिसलं," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी. मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

सांगाडा आवाराच्या टोकाला होता. चारी बाजूंनी अंगाची आग करणारी खाजरी झुडपं, कमरेपर्यंत. मालकाने एक विळा दिला. विळा हातात आल्यावर मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मागच्या बाजूपर्यंत वाट कापली आणि माइस्टरांना दंडाला धरून नेलं. तिथे सावली होती, शिवाय लोखंडावर गंज आणि शेवाळ. त्यांनी भिंग काढलं, पाहिलं आणि पुन्हा खिशात टाकलं. "काही दिसत नाही," ते म्हणाले. "गप्प राहा. मला काही सांगू नका."

त्यांनी हातमोजे काढले. उजव्या कडेपासून सुरुवात केली, कारण त्यांच्या मॉडेलवर क्रेन तिथे होती. बोटं पत्र्यावरून हळूहळू सरकत होती, कडेपर्यंत, मग खाली, मग परत. गुळगुळीत. त्यांनी पुन्हा एकदा तीच जागा तपासली. मला डावीकडे शेवाळाखाली एक उंचवटा दिसत होता, पण मी गप्प राहिलो.

मग ते डावीकडे आले. बोटं थांबली. शेवाळ नखाने खरवडलं. खाली कापून टाकलेल्या जाड नळीचं बूड होतं, भोवती वेल्डिंगचं जाड कडं आणि बोल्टांची भोकं. त्यांनी ते कडं पूर्ण गोल फिरून चाचपलं, मग खोकं उघडायला सांगितलं. एक हात लोखंडावर आणि एक हात मॉडेलवर ठेवून ते उभे राहिले.

"उलटा," ते म्हणाले. "अरे माझ्या देवा, सगळाच्या सगळा उलटा." आणि ते हसायला लागले. इतके की मालक तिकडून विचारत आला, काय झालं. माइस्टरांनी त्याचा हात धरून त्या बुडावर ठेवला. "तुम्ही हा रशियन ट्रॅक्टर म्हणून विकताय? हा पोलंडचा आहे. असा दुसरा तुम्हाला कुणी दाखवला तर माझं सगळं तळघर तुमचं."

मालक म्हणाला, "मग किंमत वाढवतो."

परतीच्या वाटेवर माइस्टर एक क्षण गप्प बसले नाहीत. काय कापायचं, काय वाचवता येईल, पेटी तीच वापरता येईल की नवी. कॅसल शहराच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "डाग वाढलाय. मघाशी भिंगातून मला मधलं काहीच दिसलं नाही. कडेने दिसतं. झाळायचं काम तुम्हाला करावं लागेल."

"मी पितळ कधी झाळलं नाही."

"मी शिकवीन. हात कोणताही वापरा."

प्रदर्शनापर्यंत वेळ थोडा होता. मी कामावरून सुटून जायचो. ते बोटांनी मोजून जागा सांगायचे, मी धरायचो, ते म्हणायचे, "नाही, केसभर मागे." पहिल्या दोन क्रेन मी वितळवल्या. तिसरी बसली. जुन्या क्रेनची भोकं आम्ही बुजवली, पण त्यावर रंग देऊ दिला नाही त्यांनी. उजव्या कडेला पुटीचा राखाडी ठिपका तसाच राहिला. "लोकांना दिसू दे मी कुठे होतो ते," ते म्हणाले.

प्रदर्शनात मॉडेलशेजारी दोन्ही फोटो ठेवले होते, उलटा आणि सुलटा, आणि त्या गंजक्या बुडाचा तिसरा. थोड्या वेळात टेबलाभोवती गर्दी झाली. खजिनदार म्हणत होता की तो फोटो त्यानेच आणला होता आणि तेव्हा तो सरळ होता. एक सदस्य त्याच फोटोवरून स्वतः मॉडेल बनवत होता. तो डोकं धरून बसला. दोघे जण कॉफीचे कप हातात घेऊन वाद घालत होते की एवढ्या पुराव्यावर इतिहास बदलता येतो का. माइस्टर खुर्चीवर बसून मान वळवून वळवून आवाज ऐकत होते. त्यांनी माझी बाही ओढली.

"मला चेहरे दिसत नाहीत. सांगा ना, कसे झालेत?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि टेबलाच्या एका टोकापासून सुरुवात केली.