मोगऱ्याले पाणी

आमच्या गावात माझ्या हुकमाबिगर कोणाच्या घरी पाण्याचा एक थेंब पडत नाही. म्हणजे ग्रामपंचायतीच्या टाकीचा वॉल सोडणं अन् बंद करणं एवढंच माझं काम आहे, अन् लाईट गेली का शेंबडे पोट्टेसुद्धा माझ्याच नावानं बोंब मारतात.

मोगऱ्यावाल्या मावशीच्या घरून मात्र कधी बोंब आली नाही. नळ आला का गावातल्या बाया पितळेचे गुंड घेऊन धावायच्या. ती घरामागच्या वाडीत मोगऱ्याच्या ओळीत उकिडवी बसून राहायची. दोन बोटांत एक पान धरायची, उलटं करून पाहायची, सोडून द्यायची.

"मावशी, नळ आला ना!" मी रस्त्यावरून ओरडायचो.

"राहू दे तसाच."

हे तिचं सगळ्याच गोष्टीवरचं उत्तर. घरावरचं कवेलू फुटलं, राहू दे तसंच. भिंतीतून पिपळ निघाला, राहू दे तसाच. फक्त बकरी वाडीत घुसली तर तसंच राहू देत नव्हती. बकरीले दगड मारायची, अन् तो दगड दोनदा मले लागला आहे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काही करत नाही असं वाटते, अन् त्यांचं सगळं वेळेवर होते. मी दिवसभर काही ना काही करत राहतो, अन् माझी बायको हात जोडून म्हणते, आज तरी काही करू नका.

तालुक्याच्या गोरेगावकडून येताना आमच्या गावात पहिलंच घर तिचं. मागं धानाच्या बांद्या, मधात ही वाडी. एकटी राहायची. गावातल्या कोणत्याही पोरीचं लगन असो, मोगरा हिच्या वाडीतला. विकत नव्हती. पोरीची माय रिकामं टोपलं घेऊन यायची अन् भरून न्यायची. मागच्या सालापर्यंत एकाच पोरीच्या लग्नात हा मोगरा गेला नव्हता. ती पोरगी तिची सोताची. तिनं आपल्या मनानं गोंदियातल्या पोराशी लगन केलं, अन् ही गेली नाही. बावीस वर्षं झाली. गावातल्या शहाण्यांनी समजावलं, मीही एकदा समजावलो. राहू दे तसंच, म्हणली. त्या दिवशी दगड हातात नव्हता, माझं नशीब.

झाडाचं तिले सगळं समजत होतं. शाळेत ती गेली नव्हती. मीही नाही, पण माझ्या डोक्यात त्या रिकाम्या जागेत काही उगवलं नाही.

एका वर्षी पंचायतीनं तिच्या वाडीजवळच्या खांबावर नवीन पांढरा लाईट लावला. त्या साली शेवंती फुललीच नाही. पानं हिरवीगार, कळी नाही. मी म्हणलो, खत टाका. ती म्हणली, "खत नाही पायजे तिले, अंधार पायजे. दिवस लहान झाला, रात मोठी झाली का शेवंतीले समजते आता फुलायचं. तुमी लाईट लावून ठेवला. तिले वाटते उन्हाळाच आहे." मग मी शिडी लावून लाईटच्या वाडीकडच्या बाजूनं बारदाना बांधायले गेलो. बारदाना बांधून झाला, शिडी घसरली, मी नालीत. सरपंच मोटरसायकलवरून जाऊन राहिले होते. थांबले, पाहिले, अन् म्हणाले, नालीचं काम मंजूर व्हायचं आहे अजून, घाई कायले केली? पण शेवंती पुढच्या साली फुलली. बारदान्याच्या सावलीत होती तेवढीच. बाकीची नाही. मी सोता पाहिलो.

पळस पानं गाळल्याबिगर लाल होत नाही. गुलबास दिवसभर झोपते अन् चार वाजता डोळा उघडते. कळलावी आपल्या पानाच्या शेंड्यानं दुसऱ्याले धरून वर चढते, तिले हात नाही म्हणून. हे सगळं तिनं सांगितलं. कळलावी तिनं जंगलातून आणून काट्याच्या कुपाटीजवळ, कुंपणाजवळ, लावली होती. लाल-पिवळी, जशी इस्तवाची जीभ. हिवाळ्यात ती सुकली. मी म्हणलो मेली, अन् मदत म्हणून खणून कांद्यासकट बोडीत फेकून आलो. बोडी म्हणजे आमचा लहान तलाव.

"फेकलास?" ती म्हणली.

"मेली होती ना मावशी."

"झोपली होती. तू झोपतोस तवा तुले फेकते का कोनी?"

मग माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहून म्हणली, "तू बेशरम होस." शिवी नाही दिली तिनं. बोडीच्या काठानं बेशरमचं झाड असते ना, ते म्हणायचं होतं तिले. काडी कुठंही फेका, लागते. ढोरं खात नाही, पाण्यात सडत नाही, बाराही महिने फुलं, अन् कोणाच्या कामाची नाही. मी घरी येऊन बायकोले सांगितलो. ती म्हणली, बरोबर ओळखलं, फक्त फुलाचं चुकलं.

मोगऱ्याचं सांगतो आता. दिवाळी झाली का ती मोगऱ्याचं पाणी तोडायची. ताण द्यायची. पानं पिवळी पडायची, गळायची, नुसत्या काड्या राहायच्या. सक्रांत झाली का छाटायची, उरलेली पानं हातानं ओरबाडायची, मग शेणखत अन् मग पाणी. चैत-वैशाखात झाड दिसत नव्हतं एवढी फुलं. एकदा मी म्हणलो, कायले तरसवता बिचाऱ्याले? "सुखानं नाही फुलत हे," ती म्हणली. "पानी देशील तर पानंच काढन. मरतो असं वाटलं पायजे त्याले, तवा फूल काढते."

मागच्या दिवाळीनंतर फोन आला. तिच्याजवळ बटनाचा फोन होता, अन् तिले बटनं दिसत नव्हती, म्हणून उचलायचं काम माझं. तिकडून आवाज आला, "माय, मी बोलून राहिली."

मी फोन तिच्या कानाले लावलो. तिकडचं मलेही ऐकू येऊन राहिलं होतं. नातीचं लगन होतं, वैशाखात. "मोगरा आपल्या वाडीतला पायजे, माय. तू सोता घेऊन ये."

बावीस वर्षांनी पोरीनं काही मागितलं. मले वाटलं आता ही रडन, का शिव्या देईन. ती मोगऱ्याकडं पाहत होती.

"दोन टोपले आनतो मी," म्हणली, अन् मले बोटानं दाखवलं, कर बंद.

पूस महिन्यात ती विहिरीजवळ घसरली. कंबरेजवळचं हाड मोडलं. तिच्या पुतण्यानं जीप केली नागपूरले न्यायले. जीपमध्ये आडवी टाकली होती, तोंड पांढरं फट पडलेलं, अन् तिनं माझा शर्ट धरला.

"मोगऱ्याले पानी नको टाकजो. छाटू नको, खत नको. मी येईपर्यंत काईच करू नको."

"हो मावशी."

"तुले हे काम जमन."

जीपमधले सगळे हसले. मीही हसलो. खरंच होतं ते. जिंदगीत पहिल्यांदा कोणी माझ्या लायकीचं काम देलं होतं.

पंधरा दिवस मी काहीच केलो नाही. रोज वाडीत जायचो, हात मागं बांधून उभा राहायचो, वापस यायचो. पानं पिवळी पडली. मग गळाली. मग काड्या. गावातले येऊन पाहायचे अन् म्हणायचे, बुढीबरोबर हिची वाडीही चालली. मी म्हणायचो, ताण आहे तो. म्हणताना मले सोतालेच खरं वाटत नव्हतं.

एका दुपारी पुतण्याचा फोन आला. "काकूचं काही खरं नाही, डॉक्टर म्हणून राहिले, जे होईन ते होईन."

मी फोन ठेवलो. वाडीत गेलो. मले रडू नाही आलं. वाईट वाटलं असंही नाही. काहीच वाटलं नाही. काड्यांकडं पाहत उभा होतो, अन् हात आपोआप नळाकडं गेला. दुसरं काही येतच नाही ना मले. पाईप लावलो. माती प्याली ते पाणी, चुळचुळ आवाज आला. बरं वाटलं का? तेही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलो. मग रोज.

आठ दिवसांत काड्यांवर हिरवे ठिपके. पंधरा दिवसांत पानं. लोक म्हणले, वा रे पठ्ठ्या, वाचवलास! मी गावभर छाती काढून फिरलो.

अन् बुढी वाचली. सक्रांतीनंतर वापस आली, चार पायाची काठी घेऊन. ऑटोतून उतरली, घरात न जाता थेट वाडीत. मी मागं मागं. मोगरा हिरवागार डोलून राहिला होता. तिनं एक पान दोन बोटांत धरलं, उलटं करून पाहिलं.

"कोनं टाकलं?"

"पाऊस आला होता, मावशी. अवकाळी."

"माझ्याच वाडीत आला का पाऊस?"

कुपाटीच्या पलीकडं तिच्या बांदीतली जमीन कोरडी ठक्क होती, भेगा पडलेली. खोटं बोलायलेही अक्कल लागते.

ती शिव्या देईन म्हणून मी वाट पाहत होतो. नाही देल्या. तिथंच बसली, काठी आडवी ठेवली, अन् पानं ओरबाडायले लागली. मी मदत करायले वाकलो.

"राहू दे," म्हणली.

छाटलं तिनं सगळं, पण झाड माजलं होतं. छाटलं का पुन्हा पानं. पुन्हा ताण द्यायले दिवस उरले नव्हते, ऊन चढलं होतं. फागुन गेला, चैत गेला. गावातल्या दोन पोरींच्या माया टोपली घेऊन आल्या अन् रिकामी टोपली घेऊन गेल्या. तिनं कोणाले माझं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लोकांनी मारलं असतं, विषय संपला असता.

लग्नाच्या दिवशी पहाटे तेरा कळ्या निघाल्या. मी मोजलो. तिनंही मोजल्या. पळसाच्या पानाचा द्रोण केला, ओलं फडकं टाकलं, अन् पदराखाली धरला. मी म्हणलो, मावशी, गोंदियाच्या बाजारातून दोन टोपले घेऊ ना, कोणाले समजते? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पिशवी उचललो.

बसमध्ये दीड तास ती द्रोण धरून बसली. मी चार जोक सांगितलो. मागच्या सीटवरचा माणूस हसला, ओळख ना पाळख.

हॉलच्या दारात बँड वाजून राहिला होता. एवढे मोठे हार, एवढे गुलाब, अन् हिच्या हातात द्रोण. मी म्हणलो, तुम्ही जा मावशी, मी इथंच थांबतो. समोरच्या टपरीवर बसलो. चहा घेतलो, पुन्हा घेतलो, तिसरा घेतलो. टपरीवाला म्हणला, "लडकीवाले हो के लडकेवाले?" मी म्हणलो, पाणीवाला.

तासाभरानं ती बाहेर आली. द्रोण नव्हता. डोळे लाल होते, बाकी तोंडावर काही दिसत नव्हतं, ना बरं ना वाईट.

"काय झालं मावशी?"

"बस किती वाजता आहे?"

तेवढंच. बसमध्ये झोपली. नंतर मी विचारलो नाही, तिनं सांगितलं नाही. मी समजून घेतलो का काम बिघडलं, अन् माझ्याच पाण्यानं बिघडलं.

आखाडात रोवणी जोरात चालू असताना ती गेली. सकाळी बाजूची बाई गुंड घेऊन बोलवायले गेली तर उठलीच नाही. मी टाकीवर होतो. कोणी येऊन सांगितलं. बाया रडून राहिल्या होत्या, अन् मी घड्याळ पाहिलो, वॉल बंद करायची वेळ झाली होती, बंद केलो, मग गेलो. खांदा देलो. खांद्यावर वजन आहे असं वाटत नव्हतं. घरी येऊन भात खाल्लो, दोनदा घेतलो. बायको माझ्याकडं पाहत होती. सगळ्या गावाले पाणी देणारा मी, अन् माझाच वॉल जाम.

तेरा दिवस असेच गेले. जेवायचो, झोपायचो, नळ सोडायचो. फक्त एक गोष्ट डोक्यात रुतून बसली होती. पोरीले सांगायचं. तिनं दोन शिव्या देल्या का सुटन, असं वाटत होतं.

तेरवीले पोरगी गोंदियावरून आली होती. पोरगी कायची, पन्नाशीची बाई. पदर खोचून, वरणाची बादली घेऊन सोता पंगतीत वाढून राहिली होती. मी तिच्या रस्त्यात जाऊन उभा राहिलो अन् एका दमात सांगितलो. ताई, मोगऱ्याचा ताण मी मोडला. तुमच्या मायनं पाणी टाकू नको म्हणलं होतं, मी टाकलो. म्हणून दोन टोपल्याच्या जागी तेरा कळ्या आल्या. तुमच्या पोरीच्या लग्नात तुमची माय रिकाम्या हातानं आली, ते माझ्यामुळं.

ती बादली घेऊन ऐकत होती. पंगतीतले घास हातात धरून माझ्याकडं पाहत होते. मी मान खाली घातलो.

"कळ्या होत्या का द्रोणात?" ती म्हणली. "मी उघडून पाहिलीच नाही जी. मायच्या गळ्यात पडून एक तास रडलो आमी दोघी, तो द्रोण मधात चेंगरून गेला."

मी पुन्हा पाण्याचं सांगायले तोंड उघडलो.

"माझी माय बावीस वर्षांनं माझ्या दारात आली," ती म्हणली, "अन् तुमाले तुमच्या पान्याचं पडलं? व्हा बाजूले, वरन थंडं होऊन राहिलं."