दुसऱ्या अंगाची धार

आमचे ह्ये, म्हंजी कोरेगावचे नानासो फौजी, मोबाईलातल्या चांदण्या मोजल्याबिगर काय घ्याचे न्हाईत. मिक्सर घेतला चांदण्या बघून, गुडघ्याचा पट्टाबी चांदण्या बघून. आमचं लगीन ठरलं तवा मोबाईल नव्हता, म्हनून मी ह्या घरात आले.

औंदा बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आधी त्यांच्या डोक्यात चाकू शिरला. त्याला कारन मीच. माझ्या वडलांच्या, म्हंजी दादांच्या, हिरीवरल्या मोटंचं कातडं माळ्यावर व्हतं. दादा गेल्यावर भावांनी रान घेतलं, मी मोटंचं कातडं मागितलं. म्हशीचं, भाकरीयेवढं जाड. तीस वर्सं त्याला करंजाचं त्याल चोळत आले. येका पट्ट्यापुरतंच व्हतं. बेंदराला आमच्या हौश्या बैलाच्या गळ्यात त्याचा घुंगरांचा पट्टा घालायचा, येवढंच माझ्या मनात व्हतं.

मी म्हनलं, "आवं, बाजारात केरबा चपला शिवतोय. त्याच्याकडनं कापून आना, घटकाभराचं काम."

"बावीस वर्सं फौजेत काढली मी! पट्टा कापता येत न्हाई व्हय मला? फकस्त हत्यार बरूबर पायजे."

मग दारात खोकी यायला लागली. सराव जुन्या फौजी बुटाच्या तळावर. पैला आला सरकत्या पात्याचा कटर. त्याचं पातं कट्‌कन मोडलं. दुसरा जंगलातला, मुठीत होकायंत्र. कातडं कापताना उत्तर दिशा कशाला लागती, देवाला ठावं! तिसरा जपानी, मखमलीत निजलेला. बुटाला टेकवला आन धारंचा टवका उडाला. बेंदूर चार दिसांवर आला आन ह्ये चांदण्याच मोजत बसलेले.

शेवटी मीच केरबाकडं गेले. गड्यानं आपली रापी काढून दिली. आखूड मुठीची, रुंद पात्याची. म्हनला, "वैनी, फौजींस्नी सांगा, हिला येकाच अंगानं धार हाय. दुसरं अंग सपाट, त्येला हात लावू नका. तवाच ती सरळ जाती."

मी शब्द न् शब्द सांगितला. ह्यांनी रापी उलटी केली, सुलटी केली. "केरबा लय आळशी. धार अर्धीच लावून दिलीया."

"आवं, त्यो म्हनला की..."

"अर्धवट काम फौजेत चालत न्हाई!"

मी म्हशीची धार काढायला गेले. तेवढ्यात ह्यांनी दगडावर दुसरं अंगबी घासून काढलं. मी चरवी घिऊन आले तर मोटंचं कातडं पाटावर पसरलेलं, खडूनं रेघ मारलेली, आन रापी रेघ सोडून निघालेली. ह्ये जोर लावत्यात, ती तिरकी पळती. शेवट हातभर ऱ्हायला आन ती कडंतनं भायेर पडली.

मला रडूच आवरंना. दादांची येवढीच वस्तू व्हती माझ्यापाशी.

केरबाला मीच बोलावून आनलं. त्यानं कातड्याआधी रापी बघितली. पात्यावरनं अंगठा फिरवला. "दुसरं अंग कुनी घासलं?"

ह्ये आढ्याकडं बघायला लागले.

केरबानं हौश्याच्या गळ्याभोवती पट्टा धरला. हातभर कमी. मधी जोड देऊ का म्हनला, पर दुसरं तसलं कातडं कुटनं आनायचं? पिशवीतनं त्यानं दुसरी रापी काढली आन तिरकी कड येका दमात सरळ करून दिली. "वैनी, बैलाला न्हाई पुरत. मानसाच्या कमरंला बसंल."

बेंदराला हौश्या नायलॉनच्या दोरीत घुंगरं बांधून निघाला. त्याच्या म्होरं आमचे ह्ये, छाती काढून, पोटावर माझ्या दादांची मोट आवळून. येशीपाशी सगळे इचारायला लागले, "फौजी, पट्टा झकास! कुनी कापला?"

"मी सोता!"

मी मागनं म्हनलं, "खरं हाय बाबांनो. ह्यांनीच कापला. बैलाचा व्हता."