वगदी मास्तरांच्या फियाटला मेण

वगदी मास्तरांनी आपली फियाट पहिल्यांदा पाहिली तेव्हा, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, अलेक्झांड्रियाचा समुद्र पाच मिनिटं लाटा मारायचा विसरला होता. बंदराजवळच्या आवारात दोनशे गाड्या उभ्या होत्या आणि बाकीच्या एकशे नव्याण्णव त्या आकाशी गाडीसमोर माना खाली घालून होत्या म्हणे. ट्राम थांबली, प्रवासी उतरले, एका म्हातारीने डोळे पुसले. पुढे पुढे या हकिगतीत नौदलाचं बँडपथकही येऊ लागलं. बँड वाजला की मास्तरांची बायको इनायात उठून चहा ठेवायला जायची.

एक गोष्ट मात्र मास्तर कधीच सांगत नसत. त्याच दिवशी, त्याच रांगेत, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शफीकनेही तशीच आकाशी फियाट घेतली होती. वर हा शफीक त्यांच्याच गल्लीत, बरोबर समोरच्या घरात राहायचा.

चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले, शफीक हजला जाऊन हाजी शफीक झाला, गाड्या दोन्ही म्हाताऱ्या झाल्या. पण एक मान मास्तरांनी सोडला नव्हता. गल्लीतली मुलगी लग्नाला निघाली की ती मास्तरांच्या गाडीतून निघायची. पुढे मास्तर, मागे फुलांनी लगडलेली नवरी, आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवत येणारा शफीक. अशा अकरा मुली झाल्या. मागून येणाऱ्याने मागूनच यावं, ही मास्तरांच्या मते पृथ्वीच्या फिरण्याइतकी पक्की गोष्ट होती.

बारावी हना. तिसऱ्या मजल्यावरची; तिच्या आईला सगळे उम्म हना, म्हणजे हनाची आई, म्हणायचे. लग्न गुरुवारी.

त्याच्या आदल्या शनिवारी मास्तर बाल्कनीत पाव आणि पावट्याचं कालवण खात बसले होते. खाली शफीकची गाडी वळणावरून आली आणि मास्तरांचा घास घशातच राहिला.

"इनायात! शफीकने नवी गाडी घेतली!"

"नवी कसली? तीच आहे. दुकानात नेऊन मशीनने पॉलिश केलं, वर मेण लावून आणलं. सगळी गल्ली बघून आली, तुम्हीच राहिलात."

"उम्म हनाने पाहिली?"

"तिने बॉनेटमध्ये बघून डोक्यावरचा रुमाल नीट केला."

मास्तरांनी ताटली बाजूला सारली. त्या दिवसापासून त्यांना सगळीकडे चकाकीच दिसू लागली. चमचा चमकला तरी शफीक आठवायचा. मशिदीत शेजारच्याचं टक्कल चमकलं तेव्हा तर नमाजच चुकली. गाडी धुवायला ते दोनदा खाली उतरले आणि दोन्ही वेळा आपल्या गाडीपेक्षा शफीकच्याच गाडीभोवती जास्त फिरले. नजर लागू नये म्हणून ती बघून "माशाअल्लाह" म्हणायची रीत. मास्तरांच्या ओठांपर्यंत 'माशा' आलं, 'अल्लाह'च्या आधीच गिळलं गेलं.

सोमवारी ते रंग-पॉलिशवाल्या बयूमी उस्ताच्या दुकानात गेले. बयूमीने गाडीवर हाताचा पालथा पंजा फिरवला, दाराला नाक लावून तिरकं पाहिलं, मग सिगारेट पेटवली.

"मास्तर, मी गणितात नापास, पण भूगोलात तुम्हीच मला पास केलंत. म्हणून खरं सांगतो. नका करू."

"का? शफीकची केलीस ना?"

"हाजींची दहा वर्षांपूर्वी पूर्ण रंगवलेली आहे. कैरोला पोराकडे राहिली होती ना वर्षभर? तेव्हा."

मास्तरांच्या अंगावरून सुखाची लाट गेली. "म्हणजे खोटा रंग!"

"खोटा का होईना, जाड आहे. तुमचा अस्सल आहे, पण उरलाय किती? मेणाआधी मशीन फिरतं, ते वरचा थर खातं. चांगल्या रंगावर मेण घाला, समुद्राच्या खाऱ्या हवेपासून तीन-चार महिने वाचेल. तुमच्या डाव्या दारावर रंग नाही, रंगाची आठवण आहे. घरी साबणाने धुवा, मऊ फडक्याने हाताने मेण चोळा, झाकून ठेवा. बास."

"हाताने चोळून बॉनेटमध्ये रुमाल नीट करता येईल?"

"नाही."

"मग फिरव मशीन."

"मास्तर..."

"नापास करीन हं तुला. अजूनही करू शकतो मी."

बयूमीने डावं दार तेवढं सोडलं आणि बाकी गाडीवर जीव मुठीत धरून मशीन फिरवलं. एका कडेला मागच्या चाकाच्या वर रंगाखालचा राखाडी प्रायमर पावाएवढा उघडा पडला, पण बुधवारी दुपारी गाडी गल्लीत आली तेव्हा खरोखरच डोळे दिपत होते. शफीक आपल्या दारातच उभा होता. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"वा मास्तर! काय सुंदर दिसतेय! जणू कालची!"

एवढं बोलून तो घरात गेला. मास्तर धावतच जिना चढले.

"इनायात, घात झाला! माशाअल्लाह म्हणालाच नाही!"

"विसरला असेल."

"चाळीस वर्षांत विसरला नाही तो! जळलाय! नजर लावून गेला! मीठ आण."

"अहो, जेवणात घालायचंय ते."

"सात मुठी!"

इनायातने जाडं मीठ आणलं. मास्तरांनी ते गाडीवरून सातदा ओवाळलं, टपावर टाकलं, बॉनेटवर टाकलं, राखाडी डागावर तर खास मूठभर टाकलं. मग वरून कापडी आच्छादन घालून दोरीने करकचून बांधलं. संध्याकाळी उम्म हना पाहायला येणार होती. तोवर कोणाची सावलीही पडायला नको.

दुपारभर समुद्रावरचा वारा सुटला होता. आच्छादन फडफडत होतं, घासत होतं, पुन्हा फडफडत होतं. बाल्कनीतून मास्तरांना ते टाळ्यांसारखं ऐकू येत होतं.

संध्याकाळी, अस्रच्या नमाजेनंतर उम्म हना आली. हनाही आली, शफीकही आला, चार शेजारणी आल्या. मास्तरांनी दोरी सोडली, आच्छादनाचं टोक धरलं आणि जादूगारासारखं एका झटक्यात ओढलं.

गाडीभर मांजरांची कुस्ती झाल्यासारखे ओरखडे होते. मधे मधे मिठाचे खडे चमकत होते.

"माशाअल्लाह," शफीक हळूच म्हणाला.

"आता म्हणतोस होय रे!"

"मास्तर काका, खरंच," हनाने त्यांचा दंड धरला. "मला चालेल हीच गाडी."

उम्म हनाने लेकीला कोपर मारलं. "फोटो काढायचेत गं, हना."

सगळे पांगल्यावर इनायात फडक्याने मीठ गोळा करू लागली. "मीठ तर मी दिलं," ती म्हणाली. "पण ते समोरच्या गाडीवर टाकायचं होतं. चार दिवस नजर तुमचीच होती तिच्यावर."

मास्तरांनी डाव्या दारावरून पालथा पंजा फिरवला. मग म्हणाले, "अस्सल रंग आहे आपला."

"हो ना. पुसू नका आता, राहू दे तेवढा."

गुरुवारी हना शफीकच्या गाडीतून गेली. वगदी मास्तर मागून हॉर्न वाजवत होते. नवरीच्या गाडीवर इतकी फुलं आणि फिती होत्या, की फोटोत गाडी कोणत्या रंगाची होती ते कळत नाही.