अक्कांचे बिघडलेले केक

वरच्या मजल्यावरच्या बेळगावच्या अक्कांना केक जमत नाही, हे आमच्या बनशंकरीच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. रविवारी चर्चहून आल्या की त्या केक करतात आणि थोड्या वेळाने डबा घेऊन वॉचमनकडे जातात. "स्वल्प करपलाय हो. टाकवत नाही. पोरांना द्या की." वॉचमनही उपकार केल्यासारखा डबा ठेवून घेतो.

एकदा त्याने मलाही तुकडा दिला. केकला नाव ठेवायला जागा नव्हती. अक्कांना तसं सांगितलं, तर "छे हो, माझा हात कुठला बसायला," म्हणत त्या जिना चढून गेल्या.

नाताळच्या दिवशी त्या आमच्याकडे झाकलेली बशी घेऊन आल्या. "हा चांगला झालाय. तुमच्यासाठी मुद्दाम ठेवला."

केक खालून काळाकुट्ट होता. खाली गेटपाशी वॉचमनची पोरं त्या दिवसाचा बिघडलेला केक बोटं चाटत संपवत होती.

दुसऱ्या दिवशी बशीत लाडू घालून मी ती परत द्यायला गेलो.

"केक फार छान होता, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सणासुदीचं खोटं बोलू नये हो."