येथे मतांची तयारी करून मिळेल

आमच्या वस्तीत आठवीचा वर्ग सुरू होऊ नये म्हणून सगळ्यात जास्त मेहनत मी घेतली, आणि तीसुद्धा फुकट. माझा त्या वर्गाला विरोध होता असं कृपया समजू नका. तो सुरू व्हावा म्हणूनच मी एवढा घाम गाळत होतो!

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकला आडगाव नाक्याच्या बाजूला राहायचो. एका अंगाला आमची नवी कॉलनी, दुसऱ्या अंगाला झेंडू-शेवंतीचे मळे, आणि दोघांत मिळून पालिकेची एक शाळा, सातवीपर्यंत. आठवीला जायचं तर आग्रा हायवे ओलांडावा लागायचा. त्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रक असे सुटायचे की पलीकडच्या दुकानातून काडेपेटी आणायची तरी मी देवाला हात जोडून निघायचो. मुलगे कसेबसे पळत पार व्हायचे. मुली मात्र सातवी झाली की घरी बसायच्या.

आमची पूर्वा त्या वर्षी सातवीत होती. तिच्याच बाकावर बसायची संगीता, मळेवाल्या नामदेवभाऊंची मुलगी. संगीता वर्गात पहिली यायची आणि पूर्वा दुसरी. (मी स्वतः घरी शिकवणीचा क्लास चालवत असल्यामुळे हा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे.) नामदेवभाऊंनी आधीच सांगून टाकलं होतं, "आठवी हितं निघाली तर पोरगी शिकंल. नाय तर बसंल माळा करत. त्या रोडवर मी तिला सोडायचो नाय."

म्हणून माझी बायको सुनंदा पदर खोचून मागे लागली. अर्ज केले, नगरसेवकाच्या ओट्यावर बसली, शिक्षण खात्याच्या साहेबांना तीनदा भेटली. शेवटी साहेब म्हणाले, "असं करू. शहरातल्या काही वस्त्यांमधे पालकांच्या मतांचा सर्व्हे घेऊ. जिथे गरज दिसेल तिथे जूनपासून आठवी काढू." सुनंदा घरी आली ती अर्धी लढाई जिंकल्यासारखी. उरलेली अर्धी हरायला मी घरातच बसलेलो होतो.

सर्व्हे करायला आली वैशाली. ही माझ्याच क्लासची जुनी विद्यार्थिनी, आता समाजकार्याच्या कॉलेजात शिकत होती, आणि खात्याने सर्व्हेचं काम त्या कॉलेजला दिलं होतं. शुक्रवारी घरं बघून ठेवायला आली, पाणी प्यायली आणि प्रश्नांचा कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, जरा मराठी तपासून द्याल? सोमवारी येताना घेऊन जाते."

मी मराठी तपासलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग कागद पुन्हा वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"सुनंदा! पेपर फुटला!"

"कुठला पेपर?"

"सर्व्हेचा! हे बघ, सगळे प्रश्न आपल्या हातात आलेत. सोमवारी परीक्षा आहे, आज शुक्रवार. तयारीला अख्खे दोन दिवस!"

"अहो, तयारी कसली? त्यांनी मत विचारलंय, उत्तर नाही."

आता हा फरक एखाद्या शहाण्या माणसाला कळला असता. पण मी क्लासवाला! प्रश्नचिन्ह दिसलं की माझा हात आपोआप आदर्श उत्तर लिहायला लागतो. भाजी काय करू असं सुनंदाने विचारलं, तरी मी आधी प्रश्न किती मार्कांचा आहे ते बघतो. मी तिला समजावलं, "वर्ग कुणाला मिळणार? हुशार वस्तीला! रडक्या वस्तीला कोण वर्ग देतं? आपले पालक कसे जागरूक, समाधानी आणि जिद्दी दिसले पाहिजेत."

रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत पालकांचं मार्गदर्शन शिबिर भरलं. कॉलनीतले आले, मळ्यातले आले. शेजारच्या रत्नामावशींच्या घरात शाळेत जाणारं कुणीच नव्हतं, तरी त्या सगळ्यांच्या आधी येऊन पंख्याखाली बसल्या. मी फळ्यावर प्रश्न लिहिला, 'सध्याच्या सोयीबद्दल आपण समाधानी आहात का?' आणि खाली उत्तर लिहिलं, 'पूर्ण समाधानी.'

"पण समाधानी कुठं हाय आपण?" नामदेवभाऊ म्हणाले.

"भाऊ, पेपरात तक्रार करायची नसते. तपासणाऱ्याचं मन खट्टू होतं."

पुढचा प्रश्न होता, 'शाळा लांब असल्यास मुलीला पाठवाल का?' इथे मी जरा भाषा फुलवली, 'अवश्य! शिक्षणापुढे आम्हाला अंतराची पर्वा नाही.'

मागून सुनंदाचा आवाज आला. "अहो, पाठवणार नाही म्हणून तर वर्ग मागतोय ना आपण?"

"तू चहाचं बघ," मी म्हणालो. "नकारार्थी उत्तराला मार्क नसतात."

तिने चहाचं बघितलं. कपबश्यांच्या आवाजावरून मला धोका कळायला हवा होता, पण मी तेव्हा सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेत होतो, "अंतराची पर्वा नाही!" मळ्यातल्या बायका काय सुरेख म्हणत होत्या! रत्नामावशींना तर दोन्ही उत्तरं तिथल्या तिथे पाठ झाली.

सोमवारी वैशाली आली. मी आपला सहज गंमत म्हणून तिच्या मागे मागे हिंडत होतो. पहिलं घर नामदेवभाऊंचं. भाऊंनी टोपी सारखी केली आणि तोंडी परीक्षेला बसावं तसे ताठ बसले.

"काका, घरात माणसं किती?" वैशालीने विचारलं.

"पूर्ण समाधानी!" भाऊ म्हणाले.

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"बरं. तुमचा व्यवसाय काय?"

"शिक्षणापुढं..." भाऊ अडकले. कपाळाला घाम फुटला. "शिक्षणापुढं... सर, फुडं काय हाय?"

"अंतराची!" मी दाराआडून कुजबुजलो.

"अंतराची पर्वा नाय!" भाऊ सुटकेचा श्वास सोडत म्हणाले. दारात उभ्या असलेल्या संगीताने मान खाली घातली. एवढ्या सोप्या परीक्षेत बाप नापास होताना तिला बघवत नव्हतं, असं मला त्या वेळी वाटलं.

पुढच्या घरांत सगळं सुरळीत झालं, अगदी नको तितकं. प्रत्येक घरात तीच वाक्यं, तोच सूर, 'अवश्य'वर तोच हात वर! रत्नामावशींनी तर वैशालीला रस्त्यात गाठलं. "माझं राहिलंय, माझं घे," म्हणाल्या आणि तिने काही विचारायच्या आत दोन्ही उत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. "चुकलं का गं काही?" हेही वर विचारून घेतलं.

शेवटी आमचं घर. आईचं मत हवं होतं म्हणून सुनंदा वैशालीसमोर बसली आणि मी सुनंदाशेजारी बसलो.

"काकू, सध्याच्या सोयीबद्दल तुमचं..."

"ती पूर्ण समाधानी आहे," मी म्हणालो.

"सर, मी काकूंना विचारतेय."

"मग तेच ती सांगतेय."

वैशालीने पेन खाली ठेवलं. माझ्याच क्लासमधे पाढे म्हणताना रडणारी ही मुलगी मला म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबा. इथे कॉपी चाललीय." आयुष्यभर मी पोरांना कॉपी करताना पकडून उठवलं, आणि त्या दिवशी मला माझ्याच घराच्या ओट्यावर उठून जावं लागलं. आत सुनंदा पुष्कळ वेळ बोलत होती. तिचं उत्तर कागदावर दिलेल्या जागेत मावणार नाही, याचीच मला काळजी लागली होती.

निकाल सांगायला साहेब स्वतः शाळेत आले. अंगणात सगळे पालक बसले. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. साहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक नुसतं ओसंडत होतं.

"इतकी वर्षं नोकरी केली, पण असे पालक पाहिले नाहीत! एक घर सोडलं तर सगळे पूर्ण समाधानी. अंतराची कुणालाही पर्वा नाही! अशा वस्तीत आठवीचा वर्ग काढायची गरजच काय? जिथले पालक म्हणतात 'आम्ही मुली पाठवणार नाही', त्या वस्तीला आपण तो वर्ग देतोय. तुमचा त्याग मोठा आहे. टाळ्या!"

टाळ्या वाजवल्या फक्त रत्नामावशींनी.

मी हळूच मागे वळून बघितलं. पूर्वा आणि संगीता भिंतीला टेकून उभ्या होत्या. संगीताने पूर्वाचा हात धरला होता. पोरींची शाळा मी बंद करून बसलो होतो, तेही सुंदर मराठीत. मला फार वाईट वाटलं, आणि सदरा उगाच इस्त्रीचा घातला असंही वाटलं.

तेवढ्यात नामदेवभाऊ उठले.

"साहेब, ते मत माझं नाय."

"म्हणजे? तुमच्याच तोंडून लिहून घेतलंय."

"तोंड माझं, पण मत सरांचं. त्यांनी रविवारी पाठ करून घेतलं. माझं मत मी दिलंच नाय अजून."

"मग द्यायचं होतं की!"

"सर म्हणले, मार्क जातील."

साहेबांनी विचारलं, "कोण सर?" आणि इतक्या जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं की साहेबांना चुकायला वावच राहिला नाही. सुनंदाने कपाळाला हात लावला. मग तिनेच पुढे होऊन सांगितलं, "साहेब, आता समोरासमोर विचारा. हायवेपलीकडे मुलीला कोण पाठवणार?" साहेबांनी विचारलं. एकही हात वर गेला नाही. माझा वर जात होता, सवयीने, तो पूर्वाने मागून येऊन खाली ओढला.

साहेब भले माणूस. म्हणाले, "पुन्हा सर्व्हे घेऊ. पण एका अटीवर." अट ऐकून सुनंदाने त्याच संध्याकाळी माझी पिशवी भरली आणि मला सायखेड्याला आपल्या भावाकडे धाडलं. तिथे मी गोदावरीच्या काठावर बसून राहिलो आणि मेहुण्याने विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला 'माहीत नाही' एवढंच म्हणत राहिलो. इकडे माणसं मन मोकळं करून बोलली. ट्रक, पावसातला चिखल, दोनदा थोडक्यात वाचलेली पोरं, सगळं बाहेर आलं. घरात बसलेल्या मुलींनाही वैशालीने पहिल्यांदाच विचारलं, आणि त्या तर थांबेचनात!

जूनमधे आठवी सुरू झाली. संगीता पहिल्या बाकावर बसली आणि पहिल्याच चाचणीत पूर्वाला मागे टाकून मोकळी झाली.

पुढे एकदा वैशाली पास झाल्याचे पेढे द्यायला आली, तेव्हा मी विचारलं, "दुसऱ्या वेळी प्रश्न तेच होते ना गं?"

"तेच, सर. फक्त साहेबांनी शेवटी एक वाढवला होता, 'ही उत्तरं तुमच्याकडून कुणी पाठ करून घेतली आहेत का?' सगळ्यांनी सांगितलं, 'या वेळी नाही, सर गावाला गेलेत.'"

माझ्या क्लासच्या इतिहासात सगळ्यांचं उत्तर बरोबर आलेला तो एकमेव प्रश्न, आणि तो मी शिकवलेला नव्हता!