चार नंबरची किल्ली

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या किल्लीवाल्याला सगळे गुरुकिल्ली म्हणत. त्याच्या हातून उघडलं नाही असं कुलूप अजून निघायचं होतं. घरी मात्र सडाफटिंग. सकाळी दाराला कुलूप लावणारा तोच आणि संध्याकाळी उघडणाराही तोच.

बारा वर्षांपूर्वी गल्लीतल्या बंद शाळेत आधाराच्या खोल्या काढायचं घाटत होतं. मनाने खचलेल्यांना, बेघरांना एकेक खोली, तिची स्वतःची किल्ली आणि खाली मदतीला एक माणूस. काम चांगलंच, पण ते दुसऱ्याच्या गल्लीत! शिकवणीवाल्या बाई विरोधाचा कागद घेऊन दारोदार फिरल्या. गिऱ्हाइकांशी वाकडं कोण घेणार? पाचामुखी परमेश्वर म्हणत याने न वाचताच सही ठोकली. खोल्या गेल्या शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे.

तीन वर्षांनी आई गेली आणि धाकट्या भावाचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. त्याला खोली मिळाली ती नेमकी तिथेच. दर रविवारी दोन बस बदलून हा भेटायला जायचा. थांब्यावर सोडायला आला की धाकटा विचारायचा, "दादा, आपल्या घराजवळ नाही का रे मिळत खोली?" हा घाईने बसमध्ये चढायचा.

नऊ वर्षांनी शाळेचा विषय पुन्हा निघाला आणि बाईंचा कागदही.

"करा सही, गुरुकिल्ली. मागे केली होतीत की."

"केली होती, म्हणून तर माझा भाऊ तिकडे पडलाय."

हेच त्याने गल्लीच्या भर सभेत सांगितलं. खोल्या मंजूर झाल्या. गल्लीतलं गिऱ्हाईक तुटलं, आणि ते त्याला लागलं, खोटं कशाला बोला. पण शाळेच्या सोळा खोल्यांच्या किल्ल्या त्यानेच केल्या. चार नंबरच्या खिडकीतून त्याची टपरी दिसायची. त्या खोलीसाठी त्याने धाकट्याच्या नावाचा अर्ज भरला, आणि त्यावरही, धाकट्याला न विचारताच, सही ठोकली. ती किल्ली त्याने हाताला बोचू नये म्हणून दोनदा घासली.

रविवारी त्याने ती धाकट्याच्या हातावर ठेवली. जुन्या सहीचंही सांगून टाकलं. धाकट्याने किल्ली उलटसुलट करून पाहिली.

"तेव्हा हवी होती रे, दादा," तो शांतपणे म्हणाला. "आता शेजारचे काका माझ्याशिवाय चहा घेत नाहीत. बागेतली झाडं माझ्याकडे आहेत. इथली माणसं सोडून तिकडे कुणाकडे येऊ?"

"मी आहे ना."

"तू दिवसभर टपरीवर."

किल्ली परत खिशात आली. धाकटा नेहमीसारखा थांब्यापर्यंत आला. बस आली, हा पायरीवर रेंगाळला. या वेळी धाकट्याने काहीच विचारलं नाही.