मीठ वर, चटणी डावीकडे

"फिरवून बघितलंत का?"

हा प्रश्न ते कशावरही विचारायचे. पंखा आवाज करतोय, झेरॉक्सच्या यंत्रात कागद अडकलाय, डब्याचं झाकण बसत नाही. विचारताना हवेतल्या हवेत मनगट असं वळवायचे की हातात खरंच काहीतरी धरलंय असं वाटावं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या वाक्याला सगळे हसतात आणि घरी जाऊन तेच वाक्य वापरतात. आमच्याकडे हे होते.

पुण्यात जो तो सॉफ्टवेअर कंपनी काढत होता, तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी नारायण पेठेत, वह्यांच्या दुकानाच्या वर. जुन्या नियतकालिकांत छापलेल्या रेणूंच्या आकृत्या बघून त्या संगणकावर पुन्हा काढायच्या आणि परदेशातल्या औषध कंपनीला पाठवायच्या, हे काम. मी रसायनशास्त्रात एमएस्सी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आलेले, आमच्या आकृत्या तपासणारे. सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असा मालकांचा नियम होता. "जरूर मारा," यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी वळून बघणार नाही." तेव्हापासून ते सर झाले.

सरांच्या टेबलावर संगणक होता आणि त्यावर बहुतेक वेळा त्यांचा रुमाल वाळत असायचा. शेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात लाकडी मणी: काळा कार्बन, लाल ऑक्सिजन, निळा नायट्रोजन, पांढरा हायड्रोजन. जोडायला सायकलच्या स्पोकचे तुकडे. पडद्यावरची आकृती बघून ते मण्यांचा रेणू जोडायचे, हातात धरून फिरवायचे, छापील आकृतीशी ताडून बघायचे आणि पटलं की यादीतल्या त्या ओळीसमोर हिरव्या शाईने लिहायचे, 'पाहिले'. आम्हा पोरापोरींना हा बालवाडीतला उद्योग वाटायचा.

"सर, चित्र समोर दिसतंय, मग मणी कशाला?" मी एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

कॉलेजात शिकत असताना ते मंगल कार्यालयात वाढपी होते, त्यामुळे रसायनशास्त्रसुद्धा ते पानावरूनच शिकवत. त्यांनी माझा डबा पुढ्यात ओढला आणि झाकणावर पान मांडलं. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, भात खाली. मग चटणी आणि भाजीची अदलाबदल केली. "नवख्या वाढप्याने असं वाढलं. पदार्थ तेच, तेवढेच. आता नुसतं फिरवून दुरुस्त करा."

मी झाकण अर्धं फिरवलं. चटणी डावीकडे आली खरी, पण मीठ माझ्या पोटाशी आलं आणि भात वर गेला.

"दिवसभर फिरवा. आरशातलं पान फिरवून सरळ होत नाही. रेणूचंही तेच. एकाने ताप उतरतो, त्याच्या आरशातल्या भावाने उतरेलच असं नाही." एवढं सांगून त्यांनी भाजी खाऊन टाकली. भाजी माझी होती.

प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. चाळीस रेणूंची माझी यादी सोमवारी परदेशी जायची होती. शुक्रवारी दुपारी सरांनी एक रेणू जोडला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि त्यांचं मनगट थांबलं.

"अहो, ही आकृती चौकटीत बसवताना आपण काय केलंत?"

मी बटण दाखवलं. शेजारी शेजारी दोन बटणं होती, एक आकृती फिरवायचं आणि दुसरं उलटवायचं. चौकटीबाहेर जाणाऱ्या आकृत्या मी उलटवत होते, कारण तशा त्या सुबक बसायच्या. म्हणजे गेले तीन आठवडे मी आरशातली पानं वाढत होते. कुठल्या कुठल्या आकृत्यांना असं केलं तेही आठवेना.

ही नोकरी गेली असती तर अकोल्याला परतायचं आणि दाखवायच्या कार्यक्रमांना साडी नेसून बसायचं, हे घरी ठरलेलंच होतं. सरांना ते ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "मॅनेजरना आपण सांगायचं. मी सोबत येतो."

मॅनेजर माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा असेल. ऐकून म्हणाला, "फॉर्म्युला सेम आहे ना, सर? मग जाऊ दे की. कोण बघतंय?"

"उद्या डाव्या पायात उजवी चप्पल घालून या," सर म्हणाले. "जोड तोच आहे."

मग त्याने विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"अर्धी," सर म्हणाले आणि त्यांनी यादी पुढे सरकवली. वरच्या दहा ओळींसमोर हिरवं 'पाहिले' होतं. "यांच्या आकृत्या इतक्या सुबक होत्या, की या दहा मी मणी न जोडताच सोडल्या. आजवर असं केलं नव्हतं."

त्यांना हे सांगायची काही गरज नव्हती. मला तिथेच रडू फुटलं आणि मॅनेजर बिचारा पाणी आणायला उठला. त्याने सोमवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली.

रविवारी सकाळी मी सरांच्या धायरीच्या घरी गेले. काकू परातीत मणी रंगांप्रमाणे वेगळे करत होत्या. "तांदूळ निवडायला सांगितले की यांना दिसत नाही," मला म्हणाल्या, "आणि हा पसारा बरोबर दिसतो." आम्ही चाळीसच्या चाळीस रेणू पहिल्यापासून जोडले. चुकलेली प्रत्येक आकृती मी पुसून नव्याने काढली आणि सोमवारी यादी वेळेत गेली.

महिनाभराने मला कायम केल्याचं पत्र आलं. मी नाचत ते सरांना दाखवायला गेले. त्यांनी शांतपणे वाचलं. "फिरवून बघितलंत का? अटी मागे असतात." मागे खरंच दोन होत्या.

पुढे डावं-उजवं ओळखणारा प्रोग्रॅमच आला. सरांनी मुद्दाम एक उलटा रेणू त्याला घातला. त्याने क्षणात पकडला. सर मनापासून खूश झाले. "हुशार आहे. शिवाय कुणाची भाजी खात नाही." महिन्याअखेर रुमाल आणि श्रीखंडाचा डबा घेऊन ते गेले.

सर वारले तेव्हा मी परदेशात होते. परतल्यावर धायरीला गेले. काकूंनी आग्रहाने जेवायला बसवलं. सरांच्याच गोष्टी सांगत त्यांनी वाढलं आणि बोलण्याच्या नादात चटणी उजवीकडे गेली, भाजी डावीकडे. मला ते दिसलं. मग त्यांनाही दिसलं.

"अगंबाई, उलटं वाढलं की. थांब, जरा फिरवून..."

ताटाला लावलेला हात तसाच राहिला. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"नाही होत ना तसं?" काकू हसल्या.

"नाही होत, काकू."

त्यांनी ताट आत नेलं, दुसरं घेतलं आणि पहिल्यापासून वाढलं. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, भात खाली.

"बघ गं आता, बरोबर आहे का?"

"पाहिले," मी म्हणाले. आणि मग मात्र आम्हा दोघींना रडू आवरेना.